फ्रिजपुढच्या चपला

ताईचा फोन आला तेव्हा वायरमन एका दुकानाच्या पाटीमागे शिडीवर उभा होता, दोन स्क्रू ओठांत धरून. ताईने कसा आहेस, जेवलास का, काही विचारलं नाही.

"छोट्या, अगदी लहान मापाच्या रबरी चपला कुठे मिळतात रे? अकरा महिन्यांच्या पायाला बसतील अशा."

वायरमन एकसष्ट वर्षांचा होता, पण सत्तरीतल्या बहिणीसाठी अजून छोट्याच. त्याने ओठांतले स्क्रू काढून खिशात टाकले. अकरा महिन्यांची म्हणजे ताईची नात. तिची आई पुन्हा कामावर रुजू होणार होती, म्हणून पोर रविवारपासून दोन महिने आजीकडे राहणार होती, एवढं त्याला ठाऊक होतं. पण ज्या पोरीला अजून धड चालता येत नाही तिला चपला कशाला?

"तेच तर सांगतेय," ताई म्हणाली. "दिसेल ते धरून उभी राहते ती. आणि आमचा फ्रिज चावतो."

"चावतो म्हणजे?"

"थोडासाच रे. हाताला मुंग्या आल्यासारखं होतं. आम्ही दोघं चपला घालूनच उघडतो, त्यामुळे त्रास काही नाही. फक्त तिच्या मापाच्या मिळत नाहीयेत. कापडी बूट मिळतात, पण कापडाने भागणार नाही ना?"

"किती दिवस झाले?"

"चपलांना?"

"चावायला, ताई, चावायला!"

खाली दुकानदाराने दचकून वर पाहिलं. ताईने जरा आठवल्यासारखं केलं. "तीनेक वर्षं झाली असतील," ती म्हणाली.

हे ऐकून कुणाच्याही तळपायाची आग मस्तकात गेली असती. या माणसाची तर जायलाच हवी होती, कारण याच एका गोष्टीसाठी त्याने चाळीस वर्षं लोकांशी भांडण मांडलं होतं. गावाच्या जुन्या भागात त्याला त्याच्या पाठीमागे 'तिसरी तार' म्हणत. म्हणजे काय, तर दोन तारांवर दिवा लागतो, पंखा फिरतो, फ्रिज थंड होतो. तिसरी तार रोजच्या दिवशी काहीच करत नाही. ती नुसती जमिनीत गेलेली असते. यंत्राच्या पोटात काही बिघडलं आणि करंट त्याच्या पत्र्यावर आला, तर माणसाचा हात लागण्याआधी ती तो उचलून जमिनीत नेऊन टाकते. आता जी गोष्ट रोज काही करताना दिसत नाही, तिच्यासाठी भिंत फोडायला कोण तयार होणार?

जुन्या घरांतून लाकडी पट्ट्यांखालून दोनच तारा फिरवलेल्या होत्या आणि बोर्डावर दोनच भोकं. मग घरात फ्रिज आला, कपडे धुवायचं मशीन आलं, त्यांच्या प्लगला तीन पिना. लोकांनी काय केलं? तिसरी जाड पिन करवतीने कापली! कुणी जरा हौशी निघाला तर त्याने नवा तीन भोकांचा बोर्ड बसवून घेतला, पण वरच्या भोकामागे तार नाहीच, कोरी भिंत. कुणी प्लगच उपटून फेकला आणि उघड्या तारा भोकांत घालून काड्यापेटीच्या काड्यांनी घट्ट केल्या. वायरमन पाहुणा म्हणून कुणाकडे गेला तरी आधी बोर्ड बघायचा, मग खुर्ची. एकदा एका आजाऱ्याला भेटायला गेला आणि त्याच्या उशाशी तसल्या काड्या पाहून त्याने इतका आरडाओरडा केला की आजारी माणूसच उठून बसला. वायरमनच्या बायकोने त्याला कुणाकडे सोबत नेणं सोडून दिलं होतं ते तेव्हापासून.

आणि लोकांचं उत्तर ठरलेलं: "इतकी वर्षं झाली, काही झालं नाही." या उत्तराने त्याचं डोकं जितकं फिरे तितकं शिवीनेही फिरत नसे. काही होतं तेव्हा एकदाच होतं आणि मग सांगायला माणूस उरत नाही, हे तो घसा कोरडा पडेपर्यंत सांगे. लोक मान डोलवत, चहा पाजत आणि चपला घालून फ्रिज उघडत.

पण ताईने? त्याच्या सख्ख्या बहिणीने?

दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता तो पिशवी घेऊन तिच्या दारात हजर झाला. स्वयंपाकघरात फ्रिजसमोर दोन जोड शिस्तीत लावलेले होते, एक ताईचा निळा, एक भावोजींचा तपकिरी.

"मी महिन्यातून दोनदा येतो इथे," तो म्हणाला. "मला कधी दिसल्या नाहीत या."

"तू येणार म्हटलं की उचलून ठेवायचो," ताईने सरळ सांगून टाकलं. "मागे एक बटण बदलायला आलास आणि अर्धी भिंत पाडलीस. पिठाच्या डब्यात चुना पडला होता माझ्या."

भावोजी वर्तमानपत्र घडी करत आत आले. आयुष्यभर कचेरीत फायली तपासलेला माणूस. कुठल्याही गोष्टीवर त्यांच्यापाशी एक टिपण तयार असे. "माझं निरीक्षण असं आहे," ते म्हणाले, "की तो सकाळीच चावतो. दुपारी अगदी शहाण्यासारखा वागतो. मला वाटतं सकाळच्या गारव्याचा परिणाम."

"भावोजी, फ्रिजला सकाळच्या गारव्याचं काय कौतुक? त्याच्या पोटात चोवीस तास गारवाच असतो!"

त्याने टेस्टर काढून फ्रिजच्या दांड्याला लावला. आतला बारीक दिवा लागला. त्याने बोर्डावरचं बटण बंद केलं आणि पुन्हा लावला. दिवा लागलाच. इथे वायरमन जरा थबकला. बटण बंद म्हणजे फ्रिजकडे करंट येण्याचा रस्ता बंद. मग हा आला कुठून? त्याने प्लग उपसून काढला. आता दिवा गेला. प्लग घातला, आला. काढला, गेला.

मग त्याने गुडघ्यावर बसून टेस्टरचं टोक बोर्डाच्या वरच्या, तिसऱ्या भोकात घातलं. तिथे काहीही असायला नको. तिथे मिणमिणता दिवा लागला.

फ्रिज बिचारा निर्दोष होता. ज्या भोकातून करंट जायला हवा, त्याच भोकातून तो घरात येत होता.

"भावोजी, घरात आत्ता काय काय चालू आहे?"

"काही नाही. माझं आंघोळीचं पाणी तापतंय तेवढं."

न्हाणीघरातल्या गीझरचं बटण बंद केल्यावर भोकातला दिवा विझला. म्हणजे गीझरची कॉइल फुटत आली होती आणि तिच्यातला करंट पत्र्यावर येत होता. सकाळीच का, तेही कळलं, कारण भावोजी रोज सकाळी पाणी तापवत. पण कॉइल फुटली तरी तिसरी तार कशासाठी असते? तिने तो जमिनीत न्यायला हवा होता. ती तर तो फ्रिजला वाटत होती, मशीनला वाटत होती, जिथे जिथे तीन भोकं होती तिथे तिथे घरपोच देत होती. आणि कॉइल पूर्ण फुटेल त्या दिवशी मुंग्यांवर भागणार नव्हतं.

"कुठल्या गाढवाने केलंय हे अर्थिंग?" वायरमन ओरडला.

भावोजींनी चष्मा वर सरकवला. "तूच," ते म्हणाले. "सव्वीस वर्षांपूर्वी. शिडी मी धरली होती."

तो तारेमागे निघाला. तार पट्टीतून छताकडे गेली होती, तिथून मागच्या बाजूला धुण्याच्या जागेत उतरली होती आणि नळाच्या लोखंडी पाइपला पितळी क्लॅम्पने आवळलेली होती. तांब्याचे तीन वेढे आणि टोक उलटं दुमडून आत खोचलेलं. गावात तसं टोक खोचणारा दुसरा वायरमन नव्हता. त्याच्या उस्तादाने त्याला शिकवलं होतं की लोखंडी नळ घरातून जमिनीत खोल जातो, दोन तारांच्या घराला यापेक्षा सोपं अर्थिंग नाही. खड्डा खणून रॉड पुरला तर उत्तमच, पण अंगण खणू देणारं गिऱ्हाईक भेटायचं कुठे? म्हणून नळ. तेव्हा सगळेच तसं करत आणि तेव्हा ते चालतही होतं.

त्याने पाइपवरून खाली हात फिरवला. क्लॅम्पखाली वीतभर लोखंड होतं. त्यापुढे हाताला गार लागेना. भिंतीला जो पिवळा रंग दिला होता तोच पाइपलाही दिलेला होता. त्याने नखाने तो खरवडला. खाली पांढरं प्लास्टिक निघालं आणि ते तसंच जमिनीत गेलं होतं.

वायरमन तिथेच उलट्या बादलीवर बसला. त्याची तिसरी तार वीतभर लोखंडाला बांधलेली होती, आणि ते लोखंड कशालाच नाही.

हा पाइप बसवणारा प्लंबर दोन गल्ल्या पलीकडे राहायचा. फोनवर वायरमनने त्याला जे ऐकवलं ते ऐकून तो स्कूटरवरून तसाच आला, मागे पांढऱ्या पाइपांची मोळी बांधलेलीच होती. गेली कितीतरी वर्षं वायरमन ही मोळी रोज रस्त्यात पाहत होता, तिला हात करत होता, कधी कधी तिच्याशेजारी उभा राहून चहाही पीत होता.

"गंजून चाळण झाली होती त्या लोखंडाची," प्लंबर म्हणाला. "बदलायला नको? चार वर्षं झाली त्याला."

"आणि तार?"

"तार होती ना. जुन्या तुकड्यावर होती. तो कापायचा होता, म्हणून मी ती सोडवली आणि वरच्या चांगल्या तुकड्यावर परत बांधून दिली. घट्ट बसली की नाही तेही ओढून पाहिलं." मग त्याचा चेहरा उजळला. "अरे, तुझी होती होय ती? मी आमच्या माणसांना म्हणालोसुद्धा, ज्याने बांधली त्याचा हात काय साफ आहे! टोक जसं होतं तसंच खोचलं मी परत."

वायरमनने कपाळाला हात लावला. याला शिव्या तरी काय घालायच्या? दुसरा कुणी असता तर त्याने तार तोडून फेकून दिली असती आणि मोकळा झाला असता. हा नेकीने काम करणारा. दुसऱ्याची तार त्याने जपून, ओढून बघून, मेलेल्या लोखंडाला बांधली होती.

"असं अजून कुठे केलंस?"

"तार जिथे जिथे होती तिथे सगळीकडे. अर्धवट काम मी करत नाही, तुला माहितेय." एवढं बोलून प्लंबर थांबला. त्याने वायरमनकडे पाहिलं, पाइपकडे पाहिलं. "का रे? करायचं नव्हतं?"

वायरमनला राग यायचा राहिला नव्हता, पण आता तो कुणावर काढायचा हेच कळेना. भिंतीमागे काय आहे ते कुणी बघत नाही, म्हणून चाळीस वर्षं तो लोकांच्या नावाने बोटं मोडत आला होता. आणि रोज डोळ्यांसमोरून पांढरे पाइप जात असताना, ते कुठल्या पाइपांच्या जागी बसतात, एवढं त्याच्या स्वतःच्या डोक्यात आलं नव्हतं. त्याला लाज वाटली. आणि परवाच्या रविवारी एक पोर या फ्रिजला धरून उभी राहणार होती.

मग दोन दिवस त्याने ताईचं घर डोक्यावर घेतलं. आधी गीझर बंद करून त्याच्या बटणावर चिकटपट्टी मारली आणि भावोजींना गार पाण्याने आंघोळ करायला लावली. मग तो कुदळ घेऊन अंगणात गेला. ओल राहणारी जागा एकच होती, भावोजींच्या गुलाबाच्या वाफ्याची.

"तिथे नाही," भावोजी आडवे आले. "पोटच्या पोरासारखे वाढवलेत मी ते."

"आणि पोटच्या पोरीच्या पोरीचं काय?"

"कोपऱ्यात खण की. तिकडे जागा आहे."

"तिकडे कोरडा खडक आहे. करंटला तिकडे जायचं असतं तर मी कशाला तुमच्या गुलाबात शिरलो असतो?"

"फक्त दोन महिन्यांचा प्रश्न आहे. चपलांचं काही जमतंय का ते तरी पाहू या."

वायरमनने कुदळ खाली टाकली. "भावोजी," तो म्हणाला, "ताईच्या चपलेचा तळ झिजला असता, पाय ओला असता आणि कॉइल त्याच दिवशी फुटली असती, तर ताई फ्रिजसमोर पडलेली सापडली असती तुम्हाला. आणि तुम्ही तिला उचलायला धावला असता, अनवाणी. हे माझ्यामुळे झालं असतं. मला खणू द्या."

भावोजी बाजूला झाले. मग त्यांनी एकेक गुलाब मुळासकट काढून कुंडीत लावायला घेतला. कुदळ चालवायला प्लंबर आपणहून आला होता. त्याला नको म्हटलं तरी तो गेला नाही. छातीएवढा खड्डा झाला, त्याच्या तळातून रॉड आणखी खोल ठोकला, भोवती कोळसा आणि मीठ भरलं, पाणी ओतलं. त्या रॉडपासून थेट मेन बोर्डापर्यंत नवी जाड तार आली. मेन बोर्डात, करंट थोडा जरी भलतीकडे वळला तरी खटकन सगळं घर बंद करणारी डबी बसली. ही डबी बसवून घ्या असं वायरमन सहा वर्षं सांगत होता आणि मालिका बघताना मध्येच वीज जाईल म्हणून ताई नको म्हणत होती. गीझरला नवी कॉइल आली. शनिवारी त्याने घरातलं प्रत्येक भोक मोजलं. मग पुन्हा मोजलं. ताई म्हणाली, आता चहा घे. त्याने तिसऱ्यांदा मोजलं.

रविवारी नात आली. दारातून आत सोडल्याबरोबर ती रांगत थेट स्वयंपाकघरात गेली, जणू काही फ्रिजलाच भेटायला आली होती. न्हाणीघरात गीझर चालू होता. वायरमनने तो मुद्दाम लावून ठेवला होता, आणि आता त्याला वाटलं, कशाला लावला. पोरीने फ्रिजच्या दाराला दोन्ही पंजे लावले, नेट लावून उभी राहिली आणि दारावर चापट्या मारू लागली. वायरमनने दार घट्ट धरलं होतं, न्हाणीघराचं. मग पोरीने फ्रिजला जीभ लावली.

काही झालं नाही.

हे शब्द चाळीस वर्षांत पहिल्यांदाच त्याला गोड लागले. त्याचे डोळे भरून आले आणि ते लपवायला तो ताईवर खेकसला, कारण ताई नातीमागे उभी होती ती निळ्या चपला घालूनच.

"काढ त्या आधी!"

"राहू दे रे, सवय झालीय."

"काढ म्हणतो ना, ताई!"

ताईने चपला काढल्या. तिने फ्रिजला आधी एक बोट लावलं, झटकन मागे घेतलं, मग सगळा पंजा टेकवला आणि तशीच उभी राहिली. "गारच आहे की नुसता," ती म्हणाली. तीन वर्षांत ती हे विसरूनच गेली होती.

जेवणं झाल्यावर वायरमनने भावोजींकडून कोरा कागद मागून घेतला आणि नळाला तार बांधलेली घरं आठवून आठवून लिहिली. चौतीस झाली. प्लंबर शेजारी बसून, त्याने पाइप बदललेल्या घरांवर खुणा करत गेला. एकोणतीस झाल्या. शेवटची खूण केल्यावर त्याने पेन्सिल खाली ठेवली आणि तो बराच वेळ हात चोळत राहिला.

"उद्या जाशील," ताई म्हणाली. "आज पोर आलीय. बस जरा."

"तिथेही पोरं असतील," वायरमन म्हणाला आणि त्याने पिशवी उचलली.

पहिलं घर वळणावरच होतं, कपडे शिवणाऱ्या बाईंचं. त्यांनी दार उघडलं, पिशवी पाहिली आणि त्यांच्या कपाळावर आठ्या आल्या. "अहो, आमच्याकडे सगळं ठीक आहे," त्या आधीच म्हणाल्या. "तुम्हीच तर करून दिलंय. तुमचं काम म्हणजे बघायला नको." तरी माणूस जुन्या ओळखीचा, म्हणून त्यांनी त्याला आत घेतलं आणि पाणी देते म्हणाल्या. तो मागोमाग स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेला.

फ्रिजसमोर रबरी चपलांचे तीन जोड होते. बाईंनी त्यातला एक पायात सरकवला, दार उघडलं आणि बाटली काढता काढता, कोऱ्या दिसणाऱ्या जोडाकडे मानेनेच खूण केली.

"पुढे यायचं असेल तर त्या घाला हं. पाहुण्यांसाठी ठेवल्यात."

वायरमनच्या तोंडाशी चाळीस वर्षांचं सगळं आलं. त्याने ते गिळलं आणि पिशवी खाली ठेवली.

"पाहुणा नाही मी, बाई," तो म्हणाला. "हे मीच करून ठेवलंय. ती बाटली राहू द्या, हात काढा तिथून. मेन स्विच जिन्याखालीच आहे ना अजून?"